इगतपुरीहून परतल्यावर तीन आठवड्यांनी

प्रश्न असा आहे: "मी ३७ वर्षांची. डोंबिवलीला राहते, नोकरीसाठी रोज लोकलनं सीएसएमटीला जाते. घरी नवरा, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. दिवाळीनंतर इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. परत आले तेव्हा इतकी शांत होते की नवरासुद्धा म्हणाला, तू बदललीस. तीन आठवड्यांत सगळं विरलं. सकाळचं बसणं सुटलं, फोन पुन्हा हाताला चिकटला, कुठल्याच कामात मन लागत नाही. त्यातच माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला प्रमोशन मिळालं, मला नाही. आता डोळे मिटले की तेच समोर येतं. माझं काय चुकलं? पुन्हा शिबिराला जाऊ का?"

ताई, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली २० कॅश काउंटरवर. पहिलं शिबिर १९९८ मध्ये केलं, तेही इगतपुरीलाच, आणि तेव्हा माझा मुलगाही शाळेत होता. परत आल्यावर महिनाभरात मीही मूळपदावर आले होते आणि स्वतःवर फार चिडले होते. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना मला माझंच घर दिसत होतं.

तुमचं काही चुकलेलं नाही. पण तिथे मिळालेल्या शांततेत दोन वाटे होते, ते वेगळे करून बघा. धम्मगिरीचा, म्हणजे इगतपुरीच्या त्या केंद्रातला, दिवस आठवा. पहाटे चारची घंटा. साडेचारला बैठक. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा, कुरमुरे, फळ. रात्री साडेनऊला दिवे बंद. मधे दहा तासांच्या आसपास बसणं. फोन पहिल्याच दिवशी जमा केलेला. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, वाचायला पुस्तक नाही, लिहायला वही नाही. भाजी कोणती करायची हे ठरवायचं नाही, कोण रागावलंय हे ओळखायचं नाही. दहा दिवसांत तुम्हाला एकही निर्णय घ्यावा लागला नाही. एवढा बंदोबस्त असला की कुणाचंही मन निवतं. शांततेतला मोठा वाटा त्या बंदोबस्ताचा होता आणि तो तुम्ही गेटवर परत करून आलात. तो घरी टिकणार नव्हताच.

दुसरा वाटा तुमचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना जशा आहेत तशा बघत जाणं, शिकवली, त्यानंतर एक-एक तास न हलता बसायला सांगितलं. गुडघा ठणकत होता, पाठीला खाज सुटली होती आणि तुम्ही हात उचलला नाही. हात उचलावासा वाटणं आणि हात उचलणं यांच्यामध्ये एक फट असते, ती तुम्ही त्या दिवशी स्वतः पाहिली. ती फट तुमच्यासोबत डोंबिवलीला आली आहे. बंदोबस्त उठल्यामुळे दिसत नाही, एवढंच. म्हणून मी दोन वेगळी कामं सांगते: घरी छोटासा बंदोबस्त उभा करायचा, आणि ती फट कुठे वापरायची ते शिकायचं.

आधी विचलित होण्याबद्दल, कारण माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात आमच्या हेड कॅशियरनी मला नोटा मोजायला शिकवलं. डाव्या हाताच्या बोटांत गड्डी दुमडून धरायची, उजवा अंगठा ओल्या स्पंजवर टेकवायचा आणि ओठ न हलवता मोजायचं. शंभर नोटा झाल्या की एक पाकीट, दहा पाकिटांचं एक बंडल. त्यांनी एकच नियम घालून दिला होता: मोजताना कुणी हाक मारली आणि तू 'ओ' दिलीस, तर गड्डी खाली ठेवायची आणि परत एकपासून सुरुवात करायची. "बहुतेक बावन्न झाल्या होत्या" असं म्हणून पुढे मोजायचं नाही. चूक हाकेमुळे होत नाही, त्या 'बहुतेक'मुळे होते, असं ते म्हणायचे. मोठी रक्कम असेल तर दुसरी सवय होती. उठायच्या आधी मोजून झालेल्या पाकिटांवर चिठ्ठी ठेवायची: सात झाली, आठवं बाकी. परत आलं की चिठ्ठी बघायची आणि आठवं हातात घ्यायचं. डोक्यात काही धरून ठेवायचं नाही.

निवृत्त झाल्यावर मी या विषयावर थोडं वाचलं, तेव्हा सोफी लेरॉय या संशोधक बाईंचं काम सापडलं. एक काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं, हे त्यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. नंतर त्यांनी उपायही तपासला: उठण्याआधी मिनिटभर थांबून, आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचं, एवढं लिहून ठेवायचं. म्हणजे आमच्या हेड कॅशियरांची चिठ्ठीच. मला फार आनंद झाला होता ते वाचून.

तुम्ही हे उद्यापासून करू शकता. ऑफिसात कुणी बोलावलं की उठायच्या आधी टेबलावरच्या कागदावर अर्धी ओळ लिहा: "तिसऱ्या शीटमधला जूनचा आकडा तपासायचा." मुलाला गणित शिकवत असताना दार वाजलं तर त्याच्याच वहीवर पेन्सिलनं टिंब करा. परत आल्यावर 'बहुतेक'वर पुढे जाऊ नका. हाका येतच राहणार, एकत्र घरात त्या थांबत नाहीत आणि थांबाव्यात अशी अपेक्षा धरली की सासूबाईंच्या प्रत्येक हाकेला कपाळावर आठी येते. हाक येऊ द्या, चिठ्ठी ठेवा.

फोनचं मात्र वेगळं आहे. हाक माणूस मारतो. फोनवर बऱ्याचदा आपणच आपल्याला हाक मारत असतो. इथे इच्छाशक्तीवर विसंबू नका. शिबिरातही तुमच्या इच्छाशक्तीवर कुणी विसंबलं नव्हतं, फोन कपाटात कुलूप लावून ठेवला होता. घरात दाराजवळ, चपलांच्या रॅकच्या वर फोनची जागा करा, चार्जर तिथेच लावा. संध्याकाळी घरात शिरलात की पर्स आणि फोन दोन्ही तिथे. रात्री तो झोपायच्या खोलीत नको. गजराला साधं घड्याळ आणा. कुणाचा तातडीचा फोन आला तर काय, ही काळजी रास्त आहे. 'डू नॉट डिस्टर्ब' लावल्यावरही त्याच माणसानं थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन केला तर वाजेल, अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते. आईला, नवऱ्याला, शाळेला सांगून ठेवा: गरज असेल तर लागोपाठ दोनदा करा. शाळेचा आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करून दिवसातून दोनदा बघितला तर काही बुडत नाही. लोकलमध्ये डोंबिवली ते ठाणे फोन पर्समध्ये ठेवा, ठाण्यानंतर हवा तर काढा. तेवढ्या वेळात उभ्या असाल तर तळपाय, वरच्या कडीला धरलेला हात आणि श्वास, एवढ्याकडे लक्ष. डोळे मिटायची गरज नाही, लेडीज डब्यात गर्दीच्या वेळी मिटूही नका.

आता बसण्याबद्दल. शिबिराच्या शेवटी सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसायला सांगतात आणि ते योग्यच आहे, मी आज तसं बसते. पण मुलगा दहावी होईपर्यंत मला दोन तास कधी जमले नाहीत, आणि तास जमत नाही म्हणून मी पाच मिनिटंही बसत नव्हते. ती माझी मोठी चूक होती, वर्षभर गेलं त्यात. माझं स्वतःचं मत विचाराल तर सकाळी घर उठायच्या आधी २० मिनिटं, रोज त्याच कोपऱ्यात, त्याच आसनावर. सुरुवातीची काही मिनिटं नुसतं आनापान: नाकाखाली, वरच्या ओठावर येणारा-जाणारा श्वास, जसा आहे तसा. मग शरीरातून डोक्यापासून पायांपर्यंत फिरणं. आणि बसण्याआधी गॅसवर कुकर ठेवू नका. हे फार साधं वाटेल, पण मी कित्येक महिने कुकर लावून बसत असे आणि पूर्ण वेळ मन शिट्ट्या मोजत असे. दोन झाल्या की तीन? मग भात लागेल या काळजीनं एक डोळा उघडायचा. मनाला दोष देत राहिले, खरं तर कुकर दहा मिनिटं उशिरा लावायचा होता.

दिवसभर 'सजग राहायचं' असा संकल्प करू नका, तो दुपारपर्यंतही टिकत नाही. एकच काम निवडा. मी दूध निवडलं होतं. सकाळचं दूध तापायला ठेवलं की ते वर येईपर्यंत तिथेच उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही. आधी कडेला बारीक बुडबुडे येतात, मग साय मध्यभागी सुरकुतते, एक टोक उचललं जातं आणि एका क्षणात सगळं फुगून वर येतं. त्या चार-पाच मिनिटांत भांडी विसळाविशी वाटतात, फोन बघावासा वाटतो, डबा भरावासा वाटतो. वाटू द्यायचं आणि उभं राहायचं. तीच फट, गुडघ्याऐवजी ओट्यापाशी.

प्रमोशनकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं ते आहे असं मला वाटतं.

२००३ च्या मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी कॅश टॅली करायला बसले आणि दहा हजार कमी आले. दहा हजार म्हणजे शंभराच्या नोटांचं एक अख्खं पाकीट. तीनदा मोजलं. साहेबांनी मोजलं. व्हाउचर एक-एक करून लावली. कुणाला तरी एक पाकीट जास्त गेलं होतं, आणि कोणाला ते कधीच कळलं नाही. कमी पडलेली रक्कम कॅशियरनं भरायची असते. मी बचत खात्यातून काढून भरली. तेव्हा ती माझ्यासाठी थोडी रक्कम नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसले. श्वास कसला दिसतोय? काउंटरवरचा फोन वाजला तो क्षण, त्या वेळी समोर उभा असलेला निळ्या शर्टातला माणूस, मी पाकिटं सरकवली ती, पुन्हा फोन, पुन्हा तो माणूस. अर्धा तास असाच गेला. मग कधीतरी लक्ष पोटाकडे गेलं. बेंबीच्या वर मुठीएवढा घट्ट गोळा होता, आणि चेहरा तापलेला होता. मी त्या गोळ्याकडेच बघत राहिले. तो एकसारखा नव्हता. कडेनं धडधडत होता, मधे जड होता, थोड्या वेळानं सैल पडला. मग मनात आलं, 'साहेब काय म्हणाले असतील,' आणि गोळा जसाच्या तसा परत. त्या सकाळी हे तीन-चारदा झालं. दहा हजार एकदाच गेले होते, पण त्यांची गोष्ट मी जेवढ्या वेळा सांगत होते तेवढ्या वेळा ते पोटातून पुन्हा जात होते.

संयुक्त निकाय या पाली ग्रंथात बुद्धांचा दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण लागतो, तो लागायचाच. न शिकलेला माणूस त्यावर दुसरा बाण मारून घेतो, आणि तो मनाचा असतो. मी हा दृष्टान्त प्रवचनात ऐकला होता, पण कळला त्या पहाटे.

म्हणून बसल्यावर प्रमोशन समोर आलं तर त्याला हाकलू नका आणि त्याच्याशी वादही घालू नका. ते शरीरात कुठे लागतंय ते शोधा. घशात? छातीत? जबड्यात? जिथे असेल तिथे जा, त्याची कड शोधा, ते बदलतंय का बघा. मन पुन्हा त्या मुलीच्या अभिनंदनाच्या ई-मेलवर गेलं तर समजून घ्या, की गोष्ट सुरू झाली. आणि घशाकडे परत या. वीस मिनिटांत वीसदा जावं लागलं तरी ती बैठक वाया गेलेली नाही. शिबिरात तुम्ही गुडघ्यावर जे शिकलात, ते ज्या कामासाठी शिकलात ते काम आत्ता आलं आहे.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगते, कारण विशेषतः आपल्याकडच्या बायकांचं यात नुकसान होताना मी पाहिलं आहे. शिबिरात समता शिकवतात, म्हणजे जे येईल ते मन न ढळू देता बघणं. पण समता म्हणजे गिळून टाकणं नव्हे. शिबिराहून आलेल्या कितीतरी जणी अन्याय झाला तरी 'अनित्य आहे' म्हणून गप्प बसतात. ही शिबिरं भारतात सुरू करणाऱ्या गोएंका गुरुजींनी ज्यांच्याकडे विद्या घेतली ते सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते, म्हणजे तुमच्यामाझ्यासारखेच फायली आणि हिशोबातले, पूर्ण वेळ नोकरी करणारे गृहस्थ. १९५० मध्ये त्यांनी आपल्याच कार्यालयात विपश्यनेची संस्था सुरू केली, कचेरीतल्या लोकांना घेऊन बसत. आणि खात्यातला भ्रष्टाचार व ढिलाई खपवून न घेण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. समता होती म्हणून ते बोलायचं टाळत नव्हते.

तेव्हा तुम्हीही साहेबांना भेटा. फक्त आज नको. 'मला प्रमोशन मिळालं नाही, त्याचं कारण समजून घ्यायचं आहे' एवढं वाक्य आवाज न कापता घरी मोठ्यानं म्हणता येईल, त्या दिवशी वेळ मागा. सोबत एका पानावर वर्षभरात काय केलंत ते लिहून न्या. विचारायचं ते दोनच: कुठे कमी पडले, आणि पुढची संधी कधी. त्या मुलीचं नाव काढू नका. तिला तुम्ही शिकवलंत हे तुमच्या पानावर कामाच्या यादीत असायला हवं, तक्रारीत नको. समोरून टोचणारं उत्तर आलं तर तळपाय जमिनीला टेकलेले आहेत ते बघा, एक श्वास जाऊ द्या, मग बोला.

तो एक श्वास मला नोव्हेंबर २०१६ मध्ये उपयोगी पडला. आठ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि दहा तारखेला सकाळी शाखेचं शटर उघडलं तेव्हा रांग रस्त्यावर वळून पलीकडच्या गल्लीत गेलेली होती. माणशी चार हजार बदलून द्यायचे. अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, जुन्या नोटा तपासणं, नव्या मोजणं. कुणाच्या घरी लग्न, कुणी दवाखान्यातून आलेलं, एक आजी नातवाला कडेवर घेऊन सकाळपासून उभ्या. त्या महिन्यात माझं पहाटेचं बसणं पूर्ण बंद होतं. रात्री उशिरा घरी जायचे आणि आडवी व्हायचे. पण एक माणूस खिडकीतून बाजूला झाला आणि दुसरा पुढे येईपर्यंत मी दोन्ही तळहात काउंटरच्या काचेवर टेकवायची आणि एक श्वास पूर्ण बघायची. थंड काच, एक श्वास, मग "या." दिवसातून दोनशे-अडीचशे वेळा. त्या महिन्यात माझी कॅश एकदाही कमी आली नाही. आणि डिसेंबरात पुन्हा आसनावर बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बसणं सुटलं होतं, पण जे शिकले होते ते सुटलं नव्हतं. तुम्ही 'सगळं विरलं' लिहिलंत, म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं.

एक काळजीचं विचारते. झोप उडाली आहे का? जेवण जात नाही, मुलाशी बोलावंसं वाटत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते लक्ष लागण्या-न लागण्याचं दुखणं नाही, डॉक्टरांना भेटा. साधनेनं औषधाचं काम होत नाही, आणि शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल याच कारणानं विचारतात. घरात सांगायची चोरी वाटत असेल तर सरकारच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

राहिला पुन्हा शिबिराला जाण्याचा प्रश्न. पुढच्या वर्षी जरूर जा. आत्ता लगेच नको, कारण आत्ता तुम्हाला तिथला बंदोबस्त हवासा वाटतो आहे आणि परत आल्यावर पुन्हा हेच होईल. त्याऐवजी एखाद्या रविवारी एकदिवसीय शिबिर करा. दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांना जुने साधक म्हणून त्यात बसता येतं. गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडातही अशी शिबिरं होतात. डोंबिवलीहून लांब आहे, आधी बोरिवली आणि मग खाडी ओलांडायची, पण एकदा तरी तिथे बसा. मधे एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली आठ हजार माणसं बसू शकतात. आदल्या रात्री भाजी चिरून ठेवा, सासूबाईंना दुपारच्या गोळ्या काढून द्या, आणि मुलाला सांगून जा की संध्याकाळपर्यंत आईचा फोन लागणार नाही, दुसऱ्यांदा केला तरी.